पाठीवर डाव, छातीवर वाघ: मार्शल आर्टची आवड सांगणारे रोजचे कपडे कसे निवडावेत

क्लासला किंवा तालमीत जायला लागून दोन-तीन महिने झाले, की अंगावर त्याची काहीतरी खूण असावी असं वाटायला लागतं. ही इच्छा रास्तच आहे. घाम गाळून शिकलेली गोष्ट मिरवावीशी वाटणारच. पण बाजारात ‘कराटे टीशर्ट’ म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं कराटेचा गंध नसलेल्यांनी काढलेलं असतं. अक्षर उलटं छापलेलं, चिन्ह भलत्याच कलेचं, आणि प्रिंट चार धुण्यांत भेगाळलेली. म्हणून कपडा घेताना एकच कसोटी लावा. तुमचे सेन्सेई (कराटेचे गुरू) किंवा वस्ताद रस्त्यात समोर आले आणि त्यांनी तुमच्या छातीवरची खूण वाचली, तर ती त्यांना बरोबर वाटेल का? आणि तुम्हाला ती शोभते असं वाटेल का?

गणवेश तो गणवेशच

कराटेची किंवा जुदोची गी, तायक्वांदोचा डोबोक, कुस्तीचे बूट या गोष्टी सरावाच्या जागीच राहू द्या. एक कारण स्वच्छतेचं आहे. गी घालून रिक्षात बसलात, वडापाव खाल्लात आणि तीच गी घेऊन मॅटवर लोळलात, तर रस्त्यावरची घाण दुसऱ्याच्या तोंडाशी जाते. मॅटवरून पसरणाऱ्या नायट्यासारख्या त्वचारोगांचा त्रास तालमीत नवा नाही. कुस्तीच्या बुटांचंही तेच, शिवाय त्यांचा मऊ तळ डांबरावर महिन्याभरात झिजतो.

दुसरं कारण दर्जाचं. जुदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही जुदोची शाळा सुरू केली आणि वरच्या श्रेणीतले विद्यार्थी ओळखू यावेत म्हणून काळा बेल्ट आणला. तेव्हापासून बेल्ट म्हणजे परीक्षेचा निकाल. टीशर्टवर कंबरेपाशी काळ्या बेल्टची गाठ छापलेली डिझाइन्स सर्रास मिळतात. तुम्ही ऑरेंज बेल्टवर असाल तर ती घेऊ नका. न मिळवलेली पदवी नावापुढे लावण्यासारखंच ते होतं.

दर्जा नेहमी बेल्टवरच असतो असं नाही, आणि फसगत होते ती इथे. वर्ल्ड तायक्वांदोच्या पद्धतीत डोबोकच्या व्ही गळ्याची काळी पट्टी ब्लॅक बेल्टवाल्यांची, आणि लाल-काळी पट्टी पूम (मुलांचा ब्लॅक बेल्ट) मिळवलेल्या १५ वर्षांखालच्या मुलांची. त्यामुळे ‘डोबोक स्टाइल’ म्हणून विकला जाणारा काळ्या गळ्याचा पांढरा टीशर्ट निव्वळ फॅशन राहत नाही. ब्राझिलियन जिउजित्सूत बिनगीच्या स्पर्धांसाठी रॅशगार्डवर, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या शर्टवर, बेल्टचा रंग असतो: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. जीन्सवर रॅशगार्ड घालायची हौस असेल तर आपल्या रंगाचा घ्या, नाहीतर या पाचांत न बसणारा घ्या. गेरू किंवा मोरपंखी चालेल.

कुस्तीत बेल्ट नाहीत, पण किताब आहेत. ‘महाराष्ट्र केसरी’, ‘हिंद केसरी’ हे शब्द पाठीवर लिहिण्याचा हक्क ज्यांनी ती गदा खांद्यावर घेतली त्यांचा. नुसती गदा छापायला काहीच हरकत नाही, ती प्रत्येक तालमीत मारुतीच्या हातात आहे. पाठीवर ‘इंडिया’ लिहिलेला ट्रॅकसूट मात्र संघात निवड झालेल्यांसाठी ठेवा.

खूण कोणती घ्यावी

आधी आपली कलाच नव्हे, तर आपली शाखाही नक्की माहीत करून घ्या. कराटे हे एक आडनाव आहे, घरं वेगवेगळी. वर्तुळात दबा धरून वळलेला वाघ शोतोकानचा. चित्रकार होआन कोसुगी यांनी तो शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशींसाठी काढला. मूळ चित्रात शेपटीपाशी चित्रकाराच्या सहीचं अक्षर आहे. नकला काढणारे ते वगळतात किंवा त्याचा ठिपका करून टाकतात, त्यामुळे टीशर्ट चांगल्या नजरेनं काढलाय का हे तिथेच कळतं. क्योकुशिनचं चिन्ह वेगळं. ‘कांकू’ या काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेच्या, सुरुवातीला दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून हात आकाशाकडे उचलतात आणि मधल्या फटीतून वर पाहतात, त्या हातांवरून ते घेतलंय. शोतोकानच्या मुलाच्या छातीवर कांकू असला, तर पहिल्याच शिबिरात कोणीतरी ‘तू क्योकुशिनचा का?’ असं विचारणार.

शाखेचा शिक्का नको असेल तर जपानच्या ओकिनावा बेटाकडे वळा. कराटे तिथलं. तीन स्वल्पविराम एकमेकांच्या मागे फिरताहेत असं दिसणारं तोमोए चिन्ह हे तिथल्या र्‍युक्यू राजघराण्याचं मानचिन्ह होतं. छातीवर तीन-साडेतीन इंचांत ते अतिशय देखणं दिसतं, आणि ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं.

तायक्वांदोवाल्यांना कोरियाचा झेंडा आवडतो, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा चुकीचा छापला जातो. मधल्या गोलात लाल वर, निळा खाली. चार कोपऱ्यांतल्या काळ्या रेघांचे तुकडे मोजा: वर डावीकडे ३, वर उजवीकडे ५, खाली डावीकडे ४, खाली उजवीकडे ६. एवढं जमलं की झेंडा बरोबर.

मुय थाईत दोन पथ्यं आहेत. डोक्यावरचं मोंगखोन हे गुरूनं दिलेलं, मंतरलेलं असतं. ते जमिनीवर ठेवत नाहीत. टोपीच्या जागी ते घालून फिरणं थाई माणसाला खटकतं. आणि साक यांतची, म्हणजे थाई मंत्रगोंदणाची, नक्षी किंवा बुद्धाची प्रतिमा कमरेखाली, म्हणजे शॉर्ट्सवर, नको. आपण मारुतीचं चित्र चड्डीवर छापणार नाही, तोच न्याय. तिरंग्याबाबत तर कायदाच आहे. राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध कायदा, १९७१ प्रमाणे तो कमरेखालच्या कपड्यावर किंवा अंतर्वस्त्रावर वापरता येत नाही, आणि त्याच्यावर अक्षरंही लिहिता येत नाहीत. तिरंग्यावरच क्लबचं नाव छापलेले टीशर्ट काढणाऱ्या क्लबांनी हे लक्षात घ्यावं.

दोन चिन्हं जपून. पांढऱ्यावर लाल सूर्य आणि भोवती सोळा किरणं, हे डिझाइन ‘जपानी’ म्हणून कराटेच्या टीशर्टवर हमखास असतं. तो जपानी साम्राज्याच्या लष्कराचा झेंडा होता. कोरियन आणि चिनी लोकांच्या मनात त्याच्या आठवणी कडू आहेत. साधा लाल गोल घ्या, काम तेवढ्यानं होतं. दुसरं मांजी, म्हणजे उलट्या दिशेचं स्वस्तिक. आपल्या डोळ्यांना त्यात काहीच वावगं दिसत नाही, पण युरोप-अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी ते छातीवर घालून बाहेर पडू नये. तिथे ते एकाच अर्थानं वाचलं जातं. शोरिन्जी केम्पो या जपानी कलेच्या संघटनेनं स्वतःच २००५ मध्ये मांजी बाजूला ठेवून दोन गुंतलेल्या वर्तुळांचं चिन्ह घेतलं.

आपल्या मातीतलं

मराठी माणसाच्या टीशर्टवर ड्रॅगन दिसतो आणि दांडपट्टा दिसत नाही, याची खंत वाटते. कुस्ती आणि मर्दानी खेळ यांत छापण्यासारखं इतकं आहे की जपानकडे बघायची गरजच पडू नये.

दांडपट्टा २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून त्याचे टीशर्टही दिसायला लागलेत. त्यातल्या बऱ्याच टीशर्टांवर छापलेली असते ती साधी वाकडी तलवार. पट्ट्याचं पातं सरळ, लांब, दुधारी आणि लवचीक असतं, आणि मुठीवर कोपराकडे जाणारं लोखंडी कवच असतं. मूठ आडवी, कवचाच्या आत. तलवारीसारखी उघडी मूठ दिसली तर तो पट्टा नव्हे. विट्याच्या चित्रात दोरी हवीच. फेकलेला भाला ओढून परत हातात घ्यायचा ही त्याची करामत. दोरी नसेल तर तो नुसता भाला.

कुस्तीसाठी चित्रापेक्षा शब्द जास्त शोभतात. डावांची नावंच अशी आहेत की पाठीवर एकच शब्द पुरे: ढाक, मोळी, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड. जो डाव तुम्हाला मैदानात खरोखर लागतो, त्याचंच नाव घ्या. जुदो करणाऱ्यालाही ‘चितपट’ हा शब्द चपखल बसतो. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर आपटल्याबद्दल इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, देतात, आणि आपल्या मातीत त्याला हाच शब्द आहे.

आणखी एक सुचवण. मळकट पांढऱ्या टीशर्टवर छातीच्या डाव्या बाजूला लहान अक्षरांत फक्त ‘हेलसिंकी १९५२’. खाशाबा जाधवांचं ब्राँझ. गोळेश्वरचा, कराडजवळचा हा पैलवान स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक देऊन गेला. चेहरा नको, घोषणा नको. पैलवान माणूस तो टीशर्ट बघून थांबतोच.

रंगानंही खूप काही सांगता येतं. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या तालमीच्या मातीचा तो विटकरी-गेरू रंग घ्या, त्यावर काहीही छापू नका. कापडवाल्याकडे ‘रस्ट’ म्हणून मागितलात तर त्याच्या जवळपासचा रंग मिळतो.

अक्षरं: खरी चूक इथेच होते

जपानी-चिनी अक्षरं छापणाऱ्याला वाचता येत नाहीत, तुम्हालाही बहुधा येत नाहीत. त्यामुळे चूक कोणाच्याच लक्षात न येता थेट छातीवर जाते. डीटीएफची (आधी फिल्मवर छापून मग कापडावर दाबायच्या पद्धतीची) फिल्म मुळातच आरशातल्यासारखी उलटी छापतात, मग कापडावर दाबली की सुलटी होते. कोणी मधल्या मधे आणखी एकदा फिरवली, की कराटेची अक्षरं उलटी उमटतात आणि दुकानातल्या कोणालाही पत्ता लागत नाही.

याला साधा उपाय आहे. डिझाइनच्या फाइलमध्ये जपानी अक्षरांशेजारी एक लहान मराठी शब्द टाका, समजा ‘वर’. त्याच्यासकट नमुना काढायला सांगा. ‘वर’ नीट वाचता आलं, की शेजारचं जपानीही सुलट आहे आणि डोकं वरच आहे. खात्री पटली की मगच तो शब्द काढून टाका.

तयार टीशर्ट घेताना दोन अक्षरं पाहून ठेवा. ‘कराटे’मधलं दुसरं अक्षर म्हणजे हात. त्याची मधली उभी रेघ खाली जाऊन डावीकडे आकड्यासारखी वळते. आकडा उजवीकडे वळलेला दिसला तर छपाई उलटी. दुसरं ‘दो’, म्हणजे मार्ग. कराटे-दो, जुदो, केंदो, आइकिदो सगळ्यांच्या शेवटी तेच येतं. त्यात डावीकडून निघून अक्षराच्या खालून उजवीकडे लांब जाणारा एक फटकारा असतो, नावेच्या तळासारखा. नाव उजवीकडे निघालेली हवी.

उभ्या ओळीत लिहायचं असेल तर आणखी दोन गोष्टी. दोन उभ्या ओळी असतील तर वाचन उजव्या ओळीपासून सुरू होतं. आणि तुमचं नाव जपानीत लिहायचं ते काताकानात. परदेशी नावांची ती लिपी. तिच्यात दीर्घ स्वरासाठी आडवी रेघ असते. ओळ उभी केली की ती रेघही उभी करावी लागते. संगणकावर अक्षरं नुसती एकाखाली एक रचली तर ती आडवीच राहते आणि जपानी माणसाला पहिल्या नजरेत खटकते. ‘तुमच्या नावाचा अर्थ कांजीत’ (चिनीवरून आलेल्या जपानी अक्षरांत) असं सांगून देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

वुशू या चिनी कलेच्या मंडळींसाठी: नावातलं दुसरं अक्षर आज चीनमध्ये सोपं करून, थोड्या रेघांत लिहितात, तर तैवान आणि जपानमध्ये जुन्या, गजबजलेल्या रूपात. दोन्ही बरोबर, पण एकाच टीशर्टवर पहिली ओळ एका पद्धतीची आणि दुसरी दुसऱ्या पद्धतीची असू नये. तायक्वांदो हे नाव हंगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, तीन ठोकळ्यांत मावतं. चार दिसले तर गडबड आहे.

आता देवनागरी. आपली लिपी आपल्याला वाचता येते म्हणून निर्धास्त राहू नका. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं सुटतात, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, रफार सरकतो. ‘मर्दानी’चं ‘मदार्नी’ झालेलं छापून आलं की पन्नास टीशर्ट वाया. फाइल देण्याआधी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून घ्या. छपाईवाले त्याला ‘कर्व्ह करणं’ म्हणतात. एकदा कर्व्ह केलं की अक्षर हलत नाही. फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. हिंदीच्या वळणाचा ल आणि मराठी वळणाचा ल वेगळा. ‘मल्लविद्या’ असं मोठ्या अक्षरांत लिहिणार असाल तर तो मराठी वळणाचाच हवा.

शब्द कोणते असू नयेत? धमकी. ‘हात लावलास तर हाड मोडीन’ छापाची वाक्यं ज्याला खरंच हाड मोडता येतं तो कधी घालत नाही, आणि भांडण शोधत फिरणाऱ्याला ती आमंत्रणासारखी वाटतात.

डावी बाजू वर

चित्रात गी घातलेला माणूस असेल तर त्याच्या छातीकडे नीट बघा. गीची डावी पाळ उजवीवर येते, म्हणजे घालणाऱ्याची डावी. समोरून बघणाऱ्याला गळा इंग्रजी लहान ‘वाय’सारखा दिसतो, त्याची लांब रेघ वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरते. जपानमध्ये उजवी पाळ वर फक्त मृताला नेसवताना घेतात. डिझाइन करणारा लाथ दुसऱ्या बाजूला हवी म्हणून चित्र सहज आडवं फिरवतो, आणि टीशर्टवरचा कराटेपटू अंत्ययात्रेच्या पोशाखात उभा राहतो. विकत घेताना ही एक गोष्ट तपासायला दोन सेकंद लागतात.

लाथेचा आकारही पाहा. योको गेरीत, म्हणजे बाजूला मारायच्या लाथेत, टाचेची बाजू आणि पावलाची कड पुढे असते. बोटं आभाळाकडे, पाऊल लोंबकळलेलं, आणि उभा पाय लाथेच्या दिशेनंच वळलेला असेल, तर ते चित्र काढणाऱ्यानं कधी लाथ मारलेली नाही. असं चित्र घालून क्लासला जाणं नको वाटतं.

कापड आणि माप

टीशर्टच्या कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत १६० ते १८० जीएसएमचं कोंब्ड कॉटन बरं. १४०च्या खालचं कापड अंगाला चिकटतं आणि आतलं दाखवतं. २२० ते २४०चे ओव्हरसाइज टीशर्ट दिसायला भारदस्त, पण मे महिन्यात दादरच्या पुलावर ते नको होतात. हिवाळ्यात पुण्या-नाशकाला छान. हुडी ३०० ते ३५० जीएसएमची. ‘बायोवॉश’ आणि ‘प्रीश्रंक’ आहे का विचारा. नसेल तर पहिल्या धुण्यात लांबी ५ टक्क्यांपर्यंत आखडू शकते, म्हणजे २८ इंचांच्या टीशर्टची जवळजवळ दीड इंच. पॉलिस्टर लवकर वाळतं, पण घामाचा वास धरून ठेवतं. सरावाला ते ठीक, दिवसभर घालायला सुती.

व्यायाम करणाऱ्या शरीराला तयार मापं नीट बसत नाहीत. मान आणि खांदे भरलेले, कंबर बारीक, मांड्या जाड. सरावानंतर अंग फुगलेलं असतं, म्हणून माप सकाळी घ्या. छातीचं माप काखेखालून, श्वास न फुगवता. त्यात ४ इंच मिळवले की टीशर्टचा छातीचा घेर निघतो, ढगळ हवा असेल तर ६ ते ८. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यायला हवी. मानेपासून खांद्यापर्यंतचा उतार भरलेला असेल तर साध्या बाहीऐवजी रॅग्लन घ्या, जिची शिवण काखेतून थेट गळ्याला जाते. खांद्यावर शिवणच नसल्यामुळे ताण येत नाही.

पँटचं माप उभं राहून घेऊ नका. खुर्चीत बसा, मांडीचा सगळ्यात जाड भाग मोजा, त्यात २ इंच मिळवा. जीन्समध्ये एक-दोन टक्के लायक्रा असू द्या. जॉगर किंवा सुती पँट शिवून घेणार असाल तर शिंप्याला मियानी लावायला सांगा. सलवारीला दोन पायांच्या मधे लावतात तोच चौकोनी तुकडा. गीच्या पँटलाही तो असतोच. त्यानं चार शिवणा एकाच टिंबात येत नाहीत आणि पाय उचलला की फाटत नाही. ही पँट ऑफिसलाही चालते, आणि तिच्यातली खुबी फक्त घालणाऱ्याला ठाऊक असते.

ट्रायल रूममध्ये आरशात बघून न थांबता चार हालचाली करा. दोन्ही हात सरळ वर: पोट उघडं पडता कामा नये. किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं, खाली बसा: मांडीला करकचलं तर एक माप मोठं घ्या. एक गुडघा छातीपर्यंत उचला. मग कमरेतून वाकून अभिवादन करा: मागून कंबर उघडी पडली तर पँटची उंची कमी आहे. मुलींच्या ‘फिटेड’ टीशर्टांत पहिल्या हालचालीतच अडचण येते. त्यापेक्षा युनिसेक्स लहान माप बरं पडतं.

मुलांसाठी एक माप मोठं ठीक, दोन नको. गळा खांद्यावरून घसरत राहतो. आणि मुलाचं पूर्ण नाव पाठीवर मोठ्या अक्षरांत छापू नका. अनोळखी माणसाला नावानं हाक मारता आली की मूल पटकन विश्वास ठेवतं. नाव हवंच असेल तर आतल्या बाजूला, पट्टीवर.

छापून घेताना

किती नग हवेत यावर पद्धत ठरते. स्क्रीन प्रिंटला प्रत्येक रंगाची वेगळी जाळी बनवावी लागते, म्हणून २०-२५ नगांपुढे ती परवडते, आणि टिकायला तीच सगळ्यात चांगली. शाई साधारण १६० अंशांवर पूर्ण पक्की व्हावी लागते. घाईत कमी भाजली की प्रिंट तडकते. नमुना हातात आला की प्रिंट दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. भेगांतून कापड दिसलं तर परत भट्टीत घालायला सांगा. एक-दोन नग हवे असतील तर डीटीएफ. पण त्याचा थर प्लास्टिकसारखा असतो, हवा खेळत नाही. छातीभर भरीव वाघ छापलात तर त्याच्या मागे घामाचं तळं साचतं. डीटीएफला रेघांचं डिझाइन द्या. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं शाई धाग्यात मुरवायची पद्धत, फक्त पॉलिस्टरवर आणि फिकट रंगावरच चालतं. सुती काळ्या टीशर्टवर ते करून देतो म्हणणाऱ्याकडून उठा.

भरतकाम पोलो टीशर्ट, हुडी, जॅकेट, टोपीवर. १८० जीएसएमच्या खालच्या कापडावर ते सुरकुत्या पाडतं. कापडाच्या मागे कायमचा राहणारा अस्तराचा कागद हवा, फाडून टाकायचा नव्हे. कांजीच्या बारा-तेरा रेघा एका लहान अक्षरात भरल्या की धाग्याचा नुसता गठ्ठा होतो, म्हणून अक्षर किमान २० मिलिमीटर उंच ठेवा. देवनागरीतही मात्रा-वेलांट्यांसकट तेवढंच.

जागा: डाव्या छातीवरचं चिन्ह साडेतीन ते चार इंच रुंद, खांदा आणि गळा जिथे मिळतो तिथून ७-८ इंच खाली. त्याहून खाली गेलं की ते पोटावर येतं, काखेकडे गेलं की हाताखाली दडतं. पाठीवर १० ते १२ इंच रुंद, कॉलरपासून ३-४ इंच सोडून. लहान मुलांना ७-८ इंच पुरे.

क्लबसाठी काढत असाल तर हा क्रम मोडू नका:

१. संघटनेचं किंवा शाखेचं चिन्ह वापरायला आधी सेन्सेईंची परवानगी. अनेक संघटनांची चिन्हं नोंदणीकृत असतात, आणि ऑलिंपिकची पाच वर्तुळं तर कुणालाच मोकळी नाहीत.

२. कर्व्ह केलेली फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो नको. तो मोठा केला की कडा फुटतात.

३. डिझाइन खऱ्या आकारात कागदावर छापा, कापा, टाचणीनं टीशर्टला लावा आणि कोणाला तरी घालून उभं करा. दहा फुटांवरून बघा.

४. ती भाषा वाचणाऱ्या एका माणसाला दाखवा.

५. एक नग छापा, उलटा करून दोनदा धुवा, वाळवा, आणि इस्त्री प्रिंटवर फिरवू नका. पांढऱ्यावर लाल छपाई असेल तर ओला पांढरा रुमाल घासून पाहा.

६. मगच बाकीचे.

न बोलणारे कपडे

ऑफिसात, लग्नाकार्यात छापील टीशर्ट चालत नाही, तिथे कापडाकडे आणि शिवणीकडे जा. जुदोगीच्या वरच्या भागाचं तांदळाच्या दाण्यांसारखं उठावदार विणकाम साशिको म्हणून ओळखलं जातं. तशा पोताचा निळा किंवा पांढरा शर्ट, जॅकेट मिळालं तर घ्या. जुदो करणाऱ्याचा हात ते कापड अंधारातही ओळखेल, कारण कॉलर पकडण्यात त्याची बोटं सोलवटलेली असतात. पिवळ्या टीशर्टला दोन्ही कुशींवर काळी पट्टी एवढ्यानं ब्रूस लीची आठवण होते. त्याचा फोटो छापायची गरज उरत नाही. सुकाजान जॅकेट, सॅटिनवर वाघ-गरुड भरलेलं, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या योकोसुकाच्या अमेरिकन नौदल तळाभोवती जन्मलं. थंडीत साध्या काळ्या पँटवर ते एकटंच पुरतं, त्याच्याबरोबर आणखी काही चिन्ह नको. गेरू कुर्ता आणि कोल्हापुरी चप्पल घातलेल्या माणसाचा कान मोडलेला असेल, तर तालीम सांगावी लागत नाही.

किल्ल्यांना लावायचा कुबोटान (स्वसंरक्षणाची छोटी दांडी) किंवा लहान नानचाकू मात्र टाळा. विमानतळावर हातसामानातून तो काढून घेतात, आणि किल्ल्या सोडवत बसेपर्यंत मागची रांग खोळंबते. जॅकेटच्या कॉलरला लावायची छोटी मिन्याची पिन चालते, तिची टाचणी तेवढी सराव सुरू व्हायच्या आधी बॅगेत जाऊ द्या.